बुंदेलखंडचा ग्रॅनाइट: ग्वाल्हेरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी पुण्या-नागपूरचे पाहुणे आले की किल्ला दाखवणं माझ्याकडे असतं. मी पूर्वी भूविज्ञान शिकवायचो, त्यामुळे मानमंदिराच्या निळ्या फरशांपेक्षा पायाखालच्या दगडावर माझं बोलणं जास्त होतं, आणि घरचे ते आता सहन करतात. त्या फिरण्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे उतरवले आहेत. क्रम फारसा लावलेला नाही.

ग्वाल्हेरचा किल्ला ग्रॅनाइटवरच आहे ना?

नाही. हा गैरसमज इथल्या जुन्या रहिवाशांचाही आहे. किल्ल्याची टेकडी वाळूच्या दगडाची, म्हणजे वालुकाश्माची आहे. विंध्य गटातला हा दगड शंभर कोटी वर्षांहून जुना आहे, पण ग्रॅनाइटच्या मानाने पोरसवदाच. वाळूचे थर एकावर एक बसून तो झाला, म्हणून कड्याकडे बाजूने पाहिलं की आडव्या रेघा दिसतात. गोपाचलच्या भल्यामोठ्या जैन मूर्ती कड्यातच कोरता आल्या आणि छत्रीबाजारातल्या शिंद्यांच्या छत्र्यांवर एवढी नाजूक जाळी निघाली, ती याच जातीच्या दगडामुळे. ग्रॅनाइटवर तसं काम करायला घेतलं असतं तर पाथरवटाने मुकादमाला दोन्ही हात जोडले असते.

मग ग्रॅनाइट आहे तरी कुठे?

आपल्या दक्षिणेला आणि आग्नेयेला. झाशीची गाडी धरा. डबरा मागे पडून दतिया जवळ येऊ लागलं की सपाट शेतांतून गोल पाठीचे धोंडे वर यायला लागतात, जणू म्हशी डुंबत बसल्या आहेत. तिथून झाशी, ओरछा, टीकमगढ, ललितपूर, छतरपूर, महोबा असा हा प्रदेश पसरला आहे. उघड्यावर दिसणारं क्षेत्रच सुमारे 26,000 चौरस किलोमीटर भरतं. उत्तरेला तो गंगा-यमुनेच्या गाळाखाली जातो, बाकीच्या बाजूंनी विंध्यचे थर त्याला वेढतात आणि नैर्ऋत्येला दख्खनचा काळा बेसॉल्ट त्याच्या अंगावर येतो. भूविज्ञानात या सगळ्याला बुंदेलखंड क्रेटॉन म्हणतात. क्रेटॉन म्हणजे खंडाचा असा जुना, घट्ट गाभा, जो पुढच्या उलथापालथींत फारसा मोडला-वाकला नाही.

ग्वाल्हेरच्या खालीही तो असेल का?

असणारच. ग्वाल्हेरच्या नावाचाच एक खडकगट आहे. त्याचा खालचा भाग पार गावावरून ओळखला जातो आणि वरचा आपल्या मुरार उपनगरावरून. मुरारमध्ये राहणाऱ्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटतात. पारचा वालुकाश्म थेट ग्रॅनाइटच्या झिजलेल्या पाठीवर बसला आहे. याचा अर्थ जरा सावकाश समजून घ्या. ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटर खोल तयार होतो. त्यावर वाळू साचायची तर आधी तो उघडा पडायला हवा, म्हणजे वरचे कित्येक किलोमीटर खडक झिजून वाहून जायला हवेत. दोन थरांमधल्या त्या एका रेषेत कोट्यवधी वर्षं गडप झाली आहेत. मुरारच्या थरांत शेल (चिखलाचा पापुद्री खडक), चर्ट (गारेच्या जातीचा कठीण दगड), चुनखडक आणि लोहयुक्त पट्टे आहेत. तेव्हा इथे समुद्र होता आणि त्याच्या पाण्यातून लोखंड खाली बसत होतं.

हा ग्रॅनाइट आमच्या सह्याद्रीपेक्षा जुना आहे का?

पुणेकर हा प्रश्न जरा आव्हानाच्या सुरात विचारतात. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. बुंदेलखंडचा बहुतेक ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी थिजला. म्हणजे अडतीसपट. त्याच्या पोटात अडकलेले राखाडी पट्टेदार नाइस खडक तर आणखी जुने, काहींचं वय 350 कोटींच्या आसपास जातं. ग्रॅनाइट थिजत होता तेव्हा हवेत मोकळा प्राणवायू जवळपास नव्हताच; तो साठायला लागला नंतर. झाड नाही, मासा नाही, शेवाळंसुद्धा आजच्या अर्थाने नाही. होते ते फक्त सूक्ष्मजीव.

महाराष्ट्रातही जुना ग्रॅनाइट आहे बरं का. नांदेडकडे देगलूर-बिलोलीला जा, किंवा गडचिरोलीकडे. फक्त पुण्याहून तो दिसत नाही.

250 कोटी वर्षं हा आकडा आणला कुठून? तेव्हा कोण होतं मोजायला?

झिरकॉन होता. ग्रॅनाइटमध्ये या खनिजाचे बारीक कण असतात, बहुतेक वेळा वाळूच्या कणाहूनही लहान. वितळलेल्या खडकाच्या रसातून झिरकॉनचा स्फटिक बनतो तेव्हा तो युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास घेतच नाही. नंतर युरेनियम ठरलेल्या गतीने मोडत जातं आणि त्याचं शिसं होतं. त्यामुळे आज त्या कणात सापडणारं शिसं जवळजवळ सगळं घरातच तयार झालेलं.

गंमत अशी की एका कणात दोन घड्याळं चालू असतात. युरेनियम-238 निम्मं व्हायला सुमारे 447 कोटी वर्षं लागतात आणि युरेनियम-235 ला सुमारे 70 कोटी. 250 कोटी वर्षांच्या कणात पहिल्याच्या दर तीन अणूंपैकी साधारण एक मोडलेला असतो. दुसऱ्याचे शंभरातले आठ-नऊच शिल्लक. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ दाखवली तर वय पक्कं. वेळ जुळली नाही तर मधे कधीतरी त्या कणाला चटका बसला आणि शिसं गळालं, हेही कळतं. झिरकॉन कठीण आणि हट्टी. आजूबाजूचा खडक पुन्हा वितळला तरी तो कधी कधी टिकून राहतो, वर नव्या रसाचा थर चढवून घेतो. मग आतला गाभा एक वय सांगतो आणि बाहेरची कड दुसरं. बुंदेलखंडच्या 350 कोटींच्या गोष्टी अशाच गाभ्यांतून आणि जुन्या नाइसमधून हाती आल्या.

ग्रॅनाइटमध्ये नेमकं असतं काय?

ताजा फुटलेला तुकडा घ्या, ओला करा आणि दहापट भिंगाखाली धरा. चार गोष्टी दिसतात.

काचेसारखा, करडा, आरपार वाटणारा भाग म्हणजे क्वार्ट्‌झ, आपली गार. तो फुटतो वेडावाकडा, काचेच्या ठिकरीसारखा. त्याला सपाट तोंड येत नाही. कठीणपणा 7, म्हणजे चाकूचं पातं त्यावर चालत नाही, उलट पात्याची धातूची रेघ दगडावर उमटते. गुलाबी किंवा विटकरी, सपाट तोंडाचे मोठे ठोकळे हा पोटॅश फेल्डस्पार. दगड उन्हात फिरवला की ती तोंडं आरशासारखी एकदम चमकून विझतात. पांढरा किंवा किंचित हिरवट फेल्डस्पार म्हणजे प्लॅजिओक्लेज. त्यात सोडियम आणि कॅल्शियम. भिंगातून त्याच्या तोंडावर वहीच्या रेघांसारख्या समांतर बारीक रेषा दिसल्या तर ओळख पक्की. आणि काळे ठिपके. ते नखाने पापुद्रे निघणारे असतील तर बायोटाइट, म्हणजे काळा अभ्रक; लांबट, काड्यांसारखे आणि न सोलणारे असतील तर हॉर्नब्लेंड.

प्रमाण ढोबळ मानाने असं: चौथा ते तिसरा हिस्सा गार, निम्म्याहून अधिक दोन्ही फेल्डस्पार मिळून, उरलेलं काळं. जागोजागी हे बदलतं. पोटॅश फेल्डस्पार वाढला की दगड लालसर होतो, प्लॅजिओक्लेज आणि हॉर्नब्लेंड वाढले की करडा होतो, आणि मग त्याला ग्रॅनोडायोराइट म्हणावं लागतं. याशिवाय डोळ्यांना न दिसणारी मंडळी: झिरकॉन, अॅपेटाइट, मॅग्नेटाइट, स्फीन, कुठे फ्लोराइट. वजनात नगण्य, पण वय सांगणं आणि पाणी बिघडवणं ही दोन्ही कामं यांचीच.

कण मोठे का, हेही विचारतात. रस खोलात अतिशय सावकाश थंड झाला, म्हणून स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. साखरेचा पाक हळूहळू निवला तर खडे मोठे पडतात, तसंच.

पण रंग गुलाबी का?

फेल्डस्पार स्वतः रंगहीनच असतो. त्याच्या आत लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे हेमॅटाइटचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. थोडक्यात, गंज.

झाशीचा किल्ला तरी ग्रॅनाइटवर आहे का?

हो, तो खराखुरा. बंगरा नावाच्या ग्रॅनाइटच्या टेकडीवर ओरछ्याच्या बीरसिंह देवाने 1613 मध्ये तो बांधायला घेतला. तटाचा दगडही ग्रॅनाइटच.

इथे मला एक गोष्ट नेहमी सांगावीशी वाटते. 1858 मध्ये राणी लक्ष्मीबाई झाशीहून निघाली ती काल्पीला गेली आणि तिथून ग्वाल्हेरला आली. नकाशावर हा प्रवास दगडांच्या भाषेत वाचून बघा. झाशीचा ग्रॅनाइट, काल्पीला यमुनेच्या गाळाचे घळींनी फाटलेले काठ, आणि ग्वाल्हेरचा वालुकाश्म. क्रेटॉनच्या गाभ्यावरून उत्तरेच्या कडेला, आणि तिथून पश्चिमेच्या कडेला. अडीच महिन्यांत ती बुंदेलखंडच्या भूरचनेचा जवळपास संपूर्ण छेद घोड्यावरून पार करून आली. ग्वाल्हेरच्या फूलबागेत तिच्या समाधीपाशी उभं राहिलं की माझ्या मनात तारखांच्या आधी हेच येतं. माझ्या आत्याला हे अजिबात आवडत नाही. ती म्हणते, तिथे तरी दगड काढू नकोस.

झाशीकडे त्या सरळ रेषेत धावणाऱ्या पांढरट टेकड्या कसल्या?

त्या गारेच्या भिंती आहेत. ग्रॅनाइट थंड झाल्यावर त्याला ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने मोठ्या भेगा पडल्या, आणि खोलातून सिलिका, म्हणजे गारेचंच द्रव्य, विरघळलेलं गरम पाणी त्यांतून वर येऊन गार साचत गेली. एकेक भिंत कित्येक किलोमीटर लांब. ग्रॅनाइट झिजला, गार झिजली नाही, म्हणून ती उभी राहिली. त्यांना जवळपास आडव्या, वायव्य-आग्नेय दिशेने काळ्या डोलेराइटच्या, म्हणजे बेसॉल्टच्या जातीच्या दगडाच्या, भिंती जातात. त्यांतल्या बऱ्याच सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वीच्या. उपग्रहाच्या चित्रात या दोन्ही मिळून चौकडीचं कापड अंथरल्यासारखं दिसतं.

या टेकड्यांमधल्या खिंडी अडवून बुंदेलखंडात जुने तलाव बांधले गेले. निम्मं धरण निसर्गाने आधीच उभं करून ठेवलेलं, माणसाने फक्त फट बुजवायची. महोब्याचे चंदेलांच्या काळातले कीरतसागर, मदनसागर पाहिले की त्या लोकांना जमीन किती कळत होती ते समजतं.

ग्रॅनाइटच्या मुलखात नखाने ओरखडा उठणारा दगड मिळतो, हे खरं?

खरं. महोब्यात त्याला गौरा पत्थर म्हणतात आणि त्याच्या मूर्ती, डब्या, दिवे घडवतात. खनिजाचं नाव पायरोफिलाइट. गारेच्या भिंतींच्या आसपास जे गरम पाणी फिरलं, त्याने फेल्डस्पारमधलं पोटॅशियम आणि सोडियम धुऊन नेलं. मागे राहिलं अॅल्युमिनियम, सिलिका आणि थोडं पाणी. सिलिकाही गेली तिथे डायास्पोर हे अॅल्युमिनियमचं खनिज उरलं. टीकमगढ, झाशी, ललितपूर, छतरपूर भागांत दोन्हींच्या खाणी आहेत. भट्टीच्या विटांना आणि चिनी मातीच्या वस्तूंना त्यांचा उपयोग. ज्या खडकावर छिन्नी बोथट होते त्याचाच हा मवाळ वंशज.

शिवपुरीकडे लोणारसारखं विवर आहे म्हणतात?

आहे, आणि ते लोणारहून कितीतरी मोठं. शिवपुरी जिल्ह्यात भौंतीजवळ ढाला नावाचं गाव आहे, ग्वाल्हेरपासून सरळ रेषेत दक्षिणेला शंभरेक किलोमीटर. लोणारचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, ढालाचा सुमारे 11. पक्का पुरावा असलेल्या भारतीय आघात-विवरांत हे सर्वांत मोठं. तिसरं राजस्थानातलं रामगढ.

पण जाऊन खळगा शोधू नका, निराश व्हाल. लोणार तरुण आहे, त्याची कड शाबूत आहे. ढालाचा आघात 250 कोटी ते 170 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात केव्हातरी झाला. विवर झिजून गेलं, उरली फक्त त्याची मुळं. मधे एक सपाट माथ्याची टेकडी आहे, ती नंतर साचलेल्या गाळाच्या खडकांची. तिच्याभोवती ग्रॅनाइटचे ठेचलेले, पुन्हा चिकटलेले कोनदार तुकडे आणि आघाताने वितळून थिजलेला खडक. पूर्वी हा खडक ज्वालामुखीचा समजला जाई. संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली गारेचे कण तपासले तेव्हा त्यांत अगदी सरळ, समांतर, एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांचे संच दिसले. असे पट्टे पडायला लाख वातावरणांच्या घरातला दाब एका क्षणात यावा लागतो. ज्वालामुखीत तो मिळत नाही. अशनी आदळली तरच मिळतो. 2008 साली हा पुरावा प्रसिद्ध झाला.

आघात ग्रॅनाइटवर झाला, हे आपलं नशीब. ग्रॅनाइटमध्ये गार भरपूर, आणि दाबाची नोंद गारेइतकी स्वच्छ दुसरं कोणी ठेवत नाही. लोणारच्या बेसॉल्टमध्ये ती सोय नव्हती.

बुंदेलखंडात पाण्याचे एवढे हाल का?

पाऊस, जंगलतोड, कारभार, सगळंच आहे. पण मुळाशी हा दगडही आहे. अखंड ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरायला जागाच नसते. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात आणि खालच्या भेगांत. मुरुमाचा थर पातळ, तो भरतो लवकर आणि रिकामाही लवकर होतो. शेजारच्या शेतात पाणी लागलं म्हणून आपल्या शेतात लागेल, असं इथे म्हणता येत नाही. भेग तिकडून गेली, इकडून नाही, एवढाच फरक. विहीर किंवा कूपनलिका घ्यायचीच असेल तर गारेच्या किंवा डोलेराइटच्या भिंतीची चढाकडची बाजू आधी तपासावी. तिथे भूजल अडून राहतं.

फेल्डस्पार कुजून केओलिन माती होते, गार वाळू म्हणून उरते. त्यातून आलेल्या हलक्या तांबड्या जमिनींना तिकडचे शेतकरी राकड आणि पडवा म्हणतात. सखलातल्या काळ्या जमिनी म्हणजे काबर आणि मार.

आणि पाण्यातल्या फ्लोराइडचं काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. शिवपुरीच्या नरवर-करैरा भागात दातांवर तपकिरी डाग आणि वाकलेली हाडं हा जुना त्रास आहे. फ्लोराइट, अॅपेटाइट, बायोटाइट, हॉर्नब्लेंड या खनिजांत फ्लोरीन असतं, आणि खोल भेगांत वर्षानुवर्षं थांबलेलं पाणी ते विरघळवून घेतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ गेल्यावर ते दाट होतं. तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत, सक्रिय अॅल्युमिना किंवा आरओ यांनी ते कमी होतं. नातेवाईक त्या भागात राहत असतील आणि कूपनलिकेचं पाणी पीत असतील तर ते पाणी एकदा तपासून घ्यायला सांगा.

आमच्या स्वयंपाकघरातला काळा ग्रॅनाइट याच जातीचा का?

बहुधा तो ग्रॅनाइटच नाही. बाजारात जे कठीण, चकाकी धरणारं, ते सगळं ग्रॅनाइट. एकसारखा काळा दगड बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, आणि त्यात गार जवळपास नसते. ‘झाशी रेड’ नावाने विकला जातो तो मात्र आपला बुंदेलखंडी. जुन्या घरांतला कडप्पा तर चुनखडी जातीचा. लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडून राहिला तर त्यावर निस्तेज डाग पडतो. खऱ्या ग्रॅनाइटला आंबटाची भीती नाही. फोडणीचं तेल मात्र बारीक फटींतून आत उतरतं, ते लगेच पुसावं.

ग्रॅनाइटमधून किरणोत्सर्ग होतो, मग ओटा काढून टाकू का?

होतो, फार थोडा. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियममुळे. ओटा राहू द्या, खिडकी उघडी ठेवा.

या ग्रॅनाइटमध्ये हिरे सापडतील का?

नाही. हिऱ्याला दीडशे किलोमीटरच्या आसपास खोली लागते, ग्रॅनाइट त्यामानाने वरच्या मजल्यावरचा. पन्न्याजवळच्या मझगवाँचे हिरे सुमारे 107 कोटी वर्षांपूर्वी खोलातून नळीसारख्या मार्गाने वर फेकल्या गेलेल्या खडकातले आहेत.

एका दिवसात ग्रॅनाइट बघायचा तर कुठे जावं?

ओरछ्याला. सकाळच्या गाडीने झाशी, तिथून रिक्षाने अर्धा-पाऊण तास. रामराजाचं दर्शन घ्या आणि मग छत्र्यांच्या घाटावरून बेतवेच्या पात्रात उतरा. पाण्याने धुऊन गुळगुळीत केलेला गुलाबी ग्रॅनाइट इतका स्वच्छ उघडा पडला आहे की भिंग नसलं तरी चालतं. मोठे फेल्डस्पार, त्यांना कापत जाणाऱ्या बारीक शिरा, कुठे आत अडकलेला काळपट जुन्या खडकाचा गोळा, सगळं एका नजरेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात पात्रात उतरू नका, बेतवा अचानक चढते. परतताना वेळ उरला तर झाशीचा किल्ला.

तुकडा घरी आणला तर चालेल?

किल्ल्यातून, घाटावरून, जंगलातून आणू नका, हातोडीही नेऊ नका. रस्त्याच्या कामाला आणलेल्या खडीच्या ढिगाऱ्यात ताजे फुटलेले तुकडे ढिगाने पडलेले असतात. मुकादमाला विचारलं तर तो हसून देतो. मुठीएवढा पुरे. घरी नळाखाली धरून ओला करा आणि खिडकीशी नेऊन फिरवा, म्हणजे फेल्डस्पारची तोंडं चमकताना दिसतील.